ओटीपीसाठी न केलेला फोन

हे मी अजून कोणालेच सांगतलं नाई. बायकोले नाई, दुकानातल्या भागीदारालेही नाई. तुले सांगून राह्यलो, कारण आज सकाळपासून जीव थाऱ्यावर नाई. खुर्चीत बसतो, उठतो, टपरीवर जातो, चहा अर्धा टाकून वापस येतो.

कारण काय — तर एक मेल. वाशीमले माझं वेबसाइट बनवून द्यायचं छोटंसं दुकान आहे. ज्या कंपनीकडे मी गिऱ्हाइकांच्या साइटी ठेवतो, तिनं कळवलं की पत्ते बदलून राह्यले. इंटरनेटवर साइटचा आकड्यांचा पत्ता असते ना, तो. आपण नवा आकडा टाकून द्यायचा. नाई टाकला, तर साइट बंद. पाच मिनिटांचं काम.

तीन वर्षांआधीही असाच मेल आल्ता. एकदा नाई, तीनदा! बाकी साइटी माझ्याच नावावर, त्यांचे आकडे मी बसल्या बसल्या बदलले. एकच राह्यली — शेलूबाजारच्या रोपवाटिकेची. ती त्या घरच्या सुनेच्या, वैशालीवहिनीच्या नावावर होती. तिनंच तसा हट्ट धरल्ता. मले फक्त तिले फोन करून तिच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागायचा होता.

काहून नाई केला? खरं सांगू? ती लय विचारे. "हे असं काहून, भाऊ? ते कायले लागते?" अन् सगळं वहीत लिहून घे. सासऱ्याले पटवून साइट तिनंच बनवून घेतली होती, मिरची-वांग्याच्या रोपांचं बुकिंग तीच पाहे. तिच्या दोन-तीन प्रश्नांनंतर मले उत्तरच येत नसे — हे माझं खरं दुखणं. उद्या करू म्हटलं. मग राहूनच गेलं.

साइट बंद पडली ती ऐन मिरचीच्या बुकिंगमध्ये. चार दिवस! नेहमीची गिऱ्हाइकं दुसरीकडून रोपं घेऊन गेली. काकाजी — तिचे सासरे — माझ्या दुकानात येऊन बसले. "काय झालं बाप्पा?" एवढंच विचारलं त्यायनं. सरळ सांगता आलं असतं, नाई का? माझी चूक, काकाजी — तीन शब्द. अन् मी म्हटलं, "घरून कोणाच्या हातानं काही दाबल्या गेलं असन."

नाव मी घेतलं नाई. घ्यायची गरजच नोती. त्या घरात लॅपटॉप एकच जण उघडे.

मग तिच्याकडूनच ओटीपी घेतला, आकडा बदलला, साइट चालू. काकाजीनं मले चहा पाजला, हुशार म्हटलं. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन — "माफ करा भाऊ. मी काय दाबलं, मलेच समजून नाई राह्यलं. वहीत तर सगळं बराबर लिहिलं आहे." तवा तरी तोंड उघडावं ना! मी म्हटलं, "होते असं, वहिनी." वरून मोठेपणानं. लाज वाटते रे मले त्या मोठेपणाची.

त्यानंतर बुकिंग काकाजीच्या डायरीत गेलं, लॅपटॉप कपाटात. मागच्या हंगामात गेल्तो, तर ती बायांसंगं बसून रोपांचे ट्रे भरून राह्यली होती. "बसा भाऊ," म्हणाली. पाणी आणून दिलं. मी पाणी पेलो अन् निंघालो.

आज दुपारी एकदाचा फोन लावला. म्हटलं, "वहिनी, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आले असतीन, ते सांगा." मनात पक्कं होतं — ती विचारन, काहून? अन् मग मी सांगून टाकीन, आताचं अन् तवाचंही. पार ओठावर आणून ठेवलं होतं.

तिनं एकेक करून सहाही आकडे सांगतले. "झालं का भाऊ?" म्हणाली, अन् फोन ठेवला.

काहून म्हणून तिनं विचारलं नाई. अन् तिनं विचारलं नाई म्हणून मी सांगतलं नाई.