फवारलेली भिंत सारवू नका

भाऊसाहेब मेले. बरं झालं.

सकाळपासून गावाच्या ग्रुपवर त्यांचा हार घातलेला फोटो फिरून राह्यलाय. 'देवमाणूस गेला' म्हणे.

कमेंटमधी सगळ्यांनी हात जोडलेत.
मी जोडणार न्हाई.

नव्या पोरांना माहीत नसंल, म्हणून सांगते. भाऊसाहेब म्हंजी आमच्या गावचे जुने ग्रामसेवक. अन् मंगल म्हंजी माझी धाकटी बहीण. सातवीत होती. मी बारावीत.

आमचं गाव मंठ्याच्या पुढं. त्या साली पावसाळाभर दर एका घराआड एक माणूस हिवतापानं गोधडीत कुडकुडत पडलेला. मंग नवरात्राच्या आधी मलेरियावाले आल्ते, पंप घेऊन. भिंती फवारून गेले. घरभर पांढरे डाग, अन् वास असा की मंगल नाक दाबून अंगणात पळाली.

घट बसायला चार दिवस राह्यल्ते. आमची कुलदेवी पिंपळगावची रेणुकाई. घट बसायच्या आधी भिंतींना पांढरी माती देऊन घर पोतारायचं, ही आमच्याकडची रीतच. असल्या डागाळलेल्या भिंतीपुढं देवी कशी बसवायची?

आईनं पदर खोचला. मंगलनं बादलीत माती कालवली. दोघी मायलेकींनी एका दिवसात अख्खं घर पोतारलं.

"बघ की अक्का, कसं चकाचक दिसून राह्यलं!" मंगल म्हणली.

औषध सगळं मातीखाली गेलं. डास त्याच भिंतीवर आरामात बसायला लागले. आम्हाला काय माहीत? कोणी सांगितलंच न्हाई.

दसऱ्यानंतर मंगलला ताप भरला. तिसऱ्या दिवशी बडबडायला लागली. जालन्याला नेईस्तोवर आईलाबी वळखंना. ताप डोक्यात गेल्ता.
परत आणली ती जीपमधी, चादरीत गुंडाळून.

मंगलच्या मातीला अख्खं गाव आल्तं. भाऊसाहेब सगळ्यांपुढं आईला म्हणले,
"अहो बाई, फवारलेली भिंत कोणी पोतारतं का? स्वतःच्या हातानं पोरगी घालवली तुम्ही."

तवापासून आईनं भिंतीला हात लावला न्हाई. घट बसवायची, पण पोतारायला शेजारीण यायची. आई बाजूला बसून स्वतःच्या हातांकडं बघत राह्यची.

मंगलच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी काकांसंग ग्रामपंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात पोस्टरांचा गठ्ठा होता. सुतळीबी सोडलेली न्हाई. वरच्याच पोस्टरवर एवढा मोठा डास, अन् खाली लाल अक्षरात लिहिलेलं: 'फवारलेली भिंत सारवू नका. रंग देऊ नका.'

"हे कधी आलं, भाऊसाहेब?"
"ठेव ते. सरकारी माल आहे."
"कधी आलं?"
"पोळ्याच्या वक्ताला. आता ऑफिसला नवा रंग दिलाय, त्यावर हे चिकटवून भिंती खराब करायच्या का?"

ऐकलं का, देवमाणूस म्हणणाऱ्यांनो? ऑफिसच्या रंगापायी!

एक पोस्टर मी ओढणीखाली लपवून आणलं. आईला वाचून दाखवलं. आई म्हणली, "कागदावर काय बी लिहित्यात. भाऊसाहेब शिकलेला माणूस. ते खोटं बोलतील का?"

तवाच ठरवलं, ह्या माणसाच्या तोंडूनच आईला ऐकवायचं.

मी आरोग्यसेविका झाले. रागानं झाले. सेवाबिवा माझ्या डोक्यात बिलकुल नव्हती. काही वर्षांनी जालन्याच्या नव्या भागात डेंग्यूच्या सर्व्हेला घरोघर फिरत होते. एका बंगल्याच्या गेटवर नाव वाचलं अन् अंगाची आग आग झाली. रिटायर होऊन भाऊसाहेब तिथं राहून राह्यल्ते.

कूलरच्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मी सगळी गल्ली गोळा केली अन् पत्रक त्यांच्या हातात दिलं.
"वाचा."
पुटपुटले काहीतरी.
"मोठ्यानं वाचा, भाऊसाहेब. भिंतीला चिकटवा म्हणत न्हाई मी. रंग खराब होईल तुमचा."

वाचलं. घामाघूम झाले. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

लोक पांगल्यावर हळूच म्हणले, "तू मंगलची बहीण ना?"
म्हंजी बराबर ध्यानात होतं!
"एकदा गावाकडं या," मी म्हणले. "'पोस्टर माझ्या कपाटात होतं', एवढंच आईला सांगा. दुसरं काही मागत न्हाई."
"येतो."

दरसाल फोन केला.
"येतो की, गुडघे दुखून राह्यलेत."
"येतो, दिवाळी होऊ दे."
आले न्हाईत. अन् आज मेले.

दुपारी आईला सांगितलं. आता तिला धड दिसत न्हाई. ती म्हणली,
"चांगला माणूस होता गं. माझी एवढी चूक, पण परत कधी बोलून दाखवली न्हाई."

तिथंच माझं डोकं फिरलं.

उद्या ग्रामपंचायतीपुढं शोकसभा हाय. त्यांच्या पोरानं मलाबी दोन शब्द बोलायला बोलावलंय. येणार. आईला पहिल्या खुर्चीवर बसवणार, अन् माईकवरून कपाटातल्या गठ्ठ्याचं सगळं सांगणार. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणणाऱ्यांनी घरी बसावं.

मंगल, बाई, आईनं तुला न्हाई घालवलं. उद्या हे अख्ख्या गावापुढं तिला ऐकवते.
येते गं.