तीन तुकड्यांचा एक पार्ट

“पार्ट उत्तम आहे. आता वेल्डिंगच नाही म्हटल्यावर रेट किती कमी करताय?” कार कंपनीचे परचेस मॅनेजर म्हणाले. आमचे मालक गायकवाड साहेब माझ्याकडे बघायला लागले.

मी तेव्हा कुरुळीतल्या एका छोट्या कारखान्यात डिझाइन इंजिनिअर होते. गाडीच्या सीटखालचा ब्रॅकेट, म्हणजे सीट धरून ठेवणारा लोखंडी आधार, आम्ही बनवायचो. आधी तीन तुकडे वेल्ड करून तो व्हायचा. वर्षभर खपून मी तो एकाच पत्र्यातून प्रेसवर काढला. वजन कमी, मजबुती जास्त. कार कंपनीने आम्हाला ट्रॉफी दिली आणि त्याच आठवड्यात रेट उतरवला. वाचलेला खर्च त्यांच्याकडे गेला. आमच्याकडे राहिली ट्रॉफी आणि बसून असलेले सहा वेल्डर. त्यांना कमी करावं लागेल, असं साहेब म्हणायला लागले. कँटीनमध्ये त्यांच्या शेजारी बसायला मला जड जायचं.

त्यात नवा पार्ट लांबट. कार कंपनीकडे माल न्यायच्या ट्रॉलीत एकावर एक घासून चरे पडायचे, माल परत यायचा. तपासणीवरच्या सुनीताताई कांबळे सरळ माझ्या टेबलापाशी आल्या.

“मॅडम, पार्टचं डिझाइन झालं. ट्रॉलीचं कोण करणार?”

उत्तर त्यांनीच आणलं होतं. नापास मालावर लावायच्या रिजेक्शनच्या टॅगमागे पेनने काढलेलं चित्र: पार्ट उभे, प्रत्येकाला रबर लावलेली वेगळी खाच. रिकाम्या वेल्डरांनी भंगारातल्या पाइपांची तशी ट्रॉली केली. माल परत येणं थांबलं.

महिन्याभराने तेच मॅनेजर ऑडिटला आले. माझ्या ब्रॅकेटकडे त्यांनी पाहिलंही नाही. ट्रॉलीपाशी मात्र थांबले आणि ही कुठून घेतली, असं विचारलं. आमचीच आहे म्हणत साहेबांनी तिथल्या तिथे रेट सांगितला. मॅनेजरांकडे जुना रेटच नव्हता, मग कमी कशातून करणार? त्यांनी मान डोलावली. मग त्यांना पार्ट पुरवणाऱ्या बाकीच्या वेंडरांकडूनही ट्रॉल्यांच्या ऑर्डरी आल्या. सहाही वेल्डर राहिले, वर दोन नवे घेतले. सुनीताताईंनी सुपरवायझरची जागा मागितली आणि साहेबांना ती द्यावी लागली.

आज कंपनी ट्रॉल्यांवर कमावते. ब्रॅकेट आम्ही कार कंपनीच्या गेटमधून आत जाता यावं म्हणून बनवतो.

यातून मी एवढंच शिकले. ज्या वस्तूचा जुना रेट ग्राहकाला पाठ आहे, ती कितीही सुधारा, फायदा त्याचा.