बोटाखालची उभी रेघ

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. एकतिसाव्या वर्षी डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला, तेव्हा प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामात तिची आठ वर्षं झाली होती. सासरच्यांनी, माहेरच्यांनी, डॉक्टरांनीसुद्धा आडून आडून सुचवलं, की आता घरी बस. ती म्हणाली, "घरी बसून काय करू? दिसत तर तिथंही नाही."

टाइप करणं हाताला पाठ होतं. कॉम्प्युटर वाचून दाखवायचा, ते कानातलं यंत्र लावून ऐकायचीही सवय झाली. अडलं एकाच ठिकाणी. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक बदलाची नोंद होते, तिला कमिट म्हणतात. कुणी मूळ कामातून फाटा काढून वेगळं काही करत बसतं, आणि पुढे तो फाटा मुळात मिसळतात, ते मर्ज. कोण कुठून फुटलं, कुठे येऊन मिळालं, हे बाकीचे रंगीत चित्रात बघत. ताईसाठी ते चित्र नसल्यातच जमा होतं.

नवरा शिंपी. एका रविवारी त्याने तिच्याकडून सगळं नीट समजून घेतलं आणि पुठ्ठ्यावर दोरे शिवून दिले. एक दोरा म्हणजे एक फाटा, एक गाठ म्हणजे एक बदल.

"बघ बरं, लागतंय का हाताला."

अर्धा तास ती बोट फिरवत बसली. "अहो, दोरा जागचा हलत नाही, म्हणून कळतंय!"

त्यावरून तिने स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. सगळा इतिहास नुसत्या अक्षरांत काढायचा: कमिटला चांदणी, फाट्याला उभी रेघ, जिथे मिसळला तिथे तिरकी. नियम एकच. फाट्याला जी जागा मिळाली ती शेवटपर्यंत त्याचीच. तिच्या कीबोर्डला खाली एक ब्रेलपट्टी होती, तिच्यावर एका वेळी एक ओळ ठिपक्यांत वर यायची. बोट जागेवर ठेवायचं, ओळी सरकवायच्या, रेघ आपोआप बोटाखालून चालत राहायची. "ताईंचं विणकाम सुरू झालं," असं पोरं म्हणायची, आणि तीही हसायची.

ऑफिसचं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हॉस्पिटलात शिरेतून थेंबाथेंबाने औषध देणारे पंप असतात, ते चालवणारा प्रोग्रॅम इथे बनत असे.

एका सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. नवजात बाळांच्या वॉर्डातल्या मुख्य सिस्टर होत्या. आवाज चढलेला नव्हता.

"मी 'पॉइंट पाच' दाबलं. पंपावर 'पाच' उमटलं. दहापट. चालू करायच्या आधी बघितलं, म्हणून बाळ वाचलं. आम्ही सगळ्या वॉर्डांतले पंप बंद केलेत. माझ्या पोरी घड्याळ लावून थेंब मोजताहेत. किती वेळ मोजतील?"

साहेबांनी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती कालच हॉस्पिटलात गेली होती आणि त्यातला शेवटचा बदल चार महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीचा होता. तिला सगळे नवी म्हणत. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मी फक्त पडद्यावरचे आकडे मोठे केले होते, सर."

"तेच नडलं असेल. परवाची आवृत्ती परत पाठवा आणि पंप चालू करायला सांगा."

"थांबा," ताई म्हणाली. "चूक जुनी असली तर? परवाच्या आवृत्तीतही ती असणार. आणि आता सगळे निर्धास्त असतील."

"मग इतके दिवस कशी दिसली नाही?"

"ते बघितल्याशिवाय कसं सांगू?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "वीस मिनिटं. त्यावर एक मिनिट नाही."

ताईने तिथेच मशीन उघडलं. औषधाचा आकडा वाचणाऱ्या फाइलचा इतिहास काढला आणि बोट पट्टीवर ठेवलं. खोलीत पट्टीची बारीक टकटक तेवढी ऐकू येत होती. नवीचा बदल त्यात कुठेच लागला नाही. या फाइलला त्याने हातही लावला नव्हता. खाली. अजून खाली. दीड वर्षामागे एक चांदणी सापडली: दशांशाच्या ठिपक्याआधी शून्य नसेल तर शून्य धरा. म्हणजे ही चूक कधीच दुरुस्त झाली होती! मग ती दुरुस्ती गेली कुठे?

ती उलटी वर चढू लागली. उजवीकडच्या जागेत एक लांबलचक रेघ होती, त्या दुरुस्तीच्याही आधी फुटलेली. आठ महिन्यांपूर्वी ती तिरकी होऊन मुळात मिसळली होती. त्या मर्जमध्ये दोन्हीकडच्या फाइली जुळल्या नव्हत्या आणि कुणीतरी जुनी ठेवली होती. शून्याची ओळ तिथेच पुसली गेली.

तिने कॉम्प्युटरला मर्ज करणाऱ्याचं नाव विचारलं. कानातल्या यंत्राने तिचंच नाव वाचलं.

दुसऱ्या कुणालाही ते ऐकू गेलं नाही. बोट पट्टीवर तसंच राहिलं.

"ताई, बारा मिनिटं झाली," साहेब म्हणाले.

"चूक आठ महिन्यांपासून आहे. सगळ्या आवृत्त्यांत. मोठ्या माणसांना सहसा एकाहून कमी डोस लागत नाही, म्हणून दिसली नाही. बाळांच्या वॉर्डात हे पंप कधी आले?"

फोन चालूच होता. "गेल्या सोमवारी," सिस्टर म्हणाल्या. "बाकीच्या पोरी आधी शून्य दाबतात."

"मर्ज कुणी केलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"मी."

नवीने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"परवाची आवृत्ती पाठवू नका," ताई म्हणाली. "ती ओळ परत घालते. पण माझ्यावर सोडू नका. नवी, तू इकडे बस आणि एकेक अक्षर मोठ्याने वाच."

नवी वाचत गेली. तपासणीला दोन तास लागले. मग दुरुस्त आवृत्ती आधी एकाच, कुणाला न जोडलेल्या पंपावर चढवली. सिस्टरांनी बटणं दाबली.

"शून्य पॉइंट पाच," सिस्टर म्हणाल्या. "थांबा, परत करते... शून्य पॉइंट शून्य पाच. बरोबर." दहा वेळा केल्यावरच त्यांनी पहिला पंप चालू केला.

चौकशी तीन आठवडे चालली. जुनी फाइल का ठेवलीत, असं समितीने विचारलं, तेव्हा ताई म्हणाली, "घाई होती. मला कुणी घाई केली नव्हती, माझीच होती." तिला लेखी ताकीद मिळाली आणि सहा महिने मर्ज करायची मनाई झाली. खापर आपल्यावर फुटणार होतं, हे नवी विसरली नाही. आपल्या हातून एखादं बाळ गेलं असतं, हे ताई विसरली नाही. कित्येक दिवस तिला जेवण गेलं नाही. नवरा ताट वाढून समोर नुसता बसून राहायचा.

मनाई उठली त्या दिवशी एक मोठा फाटा मुळात घ्यायचा होता. ताईने हात कीबोर्डवर ठेवले आणि मागे घेतले.

"मी वाचू?" नवीने विचारलं.

"वाच. सावकाश."