रोलरला लागलेली हळद

ऑफिसातल्या प्रिंटरमधून गरम कागदाचा वास आला की मला माझी लग्नपत्रिका आठवते. परतूरला बाबांचं छपाईचं दुकान होतं, नवाकोरा लेझर प्रिंटर आला होता आणि त्यावरचं पहिलं मोठं काम माझ्याच पत्रिकांचं होतं. कापसाच्या हंगामात हवेत तंतू उडायचे म्हणून बाबा मशीन झाकून ठेवायचे. "धूळ न् ओल आत गेली की रोलर गेलाच समजा," म्हणायचे. त्यांनी बटण दाबायच्या आधीच आईनं घाईघाईनं वरच्या कोऱ्या कार्डाला ओल्या हळदीचं बोट लावलं. कार्ड आत गेलं, हळद गरम रोलरला चिकटली आणि मागून येणाऱ्या प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका उमटू लागला. बाबांनी कपाळाला हात लावला. "बिलकुल खराब झाला की रोलर." आई मात्र हरखली होती. "मंग बरंच झालं. एकेका पत्रिकेला हळद लावायचं काम राह्यलं न्हाई. आधी सगळ्या छापा, मंग बदला." सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, विहीणबाईंनी एवढ्या पत्रिकांना हातानं हळद लावली, पण एक बोट इकडचं तिकडं झालं नाही. मी नुसती मान डोलावते.