दवाखान्यातली गादी

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना आणि अमरावतीत कापूस सोन्याच्या भावाने विकू लागला. लोकांनी घरच्या गाद्या-उशा उसवून आतला कापूस बाजारात आणला. मी कापसाचा दलाल, मीही आणला. त्याच हंगामात कापसाने भरलेल्या एका गाडीचं चाक माझ्या पायावरून गेलं.

पाय आता कापणार, असा बाजारातल्या शहाण्यांनी निकाल दिला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "कापत नाही. पण हाड जुळेपर्यंत हलायचं नाही. हललात तर जन्माचे लंगडे व्हाल." आणि त्यांनी पायाला फळ्या बांधल्या.

मी म्हणजे जेवतानाही हातवारे करणारा माणूस. त्यात दवाखान्यातल्या गाद्या गवताच्या. कापूस परवडत होता कुणाला? काड्या टोचायच्या, मी वळवळायचो, डॉक्टर डोळे वटारायचे. शेवटी एका सकाळी त्यांनी स्वतःच्या घरची कापसाची गादी आणवून माझ्याखाली घातली. ते स्वतः घोंगडीवर निजू लागले, हे मला शिपायाने सांगितलं.

मी राजासारखा पडलो आणि सोबती भेटायला येऊ लागले. पहिला आला तो एक अडत्या. आमच्या धंद्यातला हात कापूस दिसला की थांबत नाही. तब्येत विचारता विचारता त्याने गादीच्या शिवणीतून चिमूटभर कापूस ओढला आणि बोटांत ताणून धागा पाहिला.

"माल चांगला हाय गा. अकोल्याकडला दिसते."

"अबे, तू मले पाहाले आला का गादी पाहाले?"

"तुले तं रोजच पाहतो."

त्याच्यामागून आलेल्या प्रत्येकाने तेच केलं. दोघे तर माझ्या अंगावर वाकून कापसाच्या भावावरून भांडले. होता होता गादीला खळगा पडला, पाय तिरका झाला आणि हाडातून कळ निघाली. डॉक्टरांनी फळ्या सोडल्या. हाड चाचपलं आणि फळ्या पुन्हा आवळल्या.

"अजून सरकलेलं नाही," ते म्हणाले, "पण असंच चाललं तर सरकेल." मग दारात उभे राहून त्यांनी अडत्यांना बजावलं, "यापुढे मूठभर कापूस आणेल त्यालाच आत सोडीन."

"डॉक्टरसाहेब, भाव तं पाहा."

"भाव पाहूनच मागतो आहे."

कुरकुरले, पण आणू लागले. मी पडल्या पडल्या एकाचं दान दुसऱ्याला फुगवून सांगायचो; डॉक्टरांना ते ऐकू येत होतं, पण ते औषधाच्या बाटल्या मोजत राहायचे. मुठीचं पोतं झालं. माझा खळगा भरला, मग शेजारच्या खाटांवरचं गवतही गेलं. आता आमच्या बाजारात गाडीतून वानगी म्हणून उपसलेला कापूस हंगामाच्या शेवटी दवाखान्यातच जातो.

फळ्या सुटल्या तेव्हा डॉक्टरांनी मला भिंतीशी उभं केलं. दोन्ही टाचा सारख्या टेकल्या. मी पाया पडायला वाकलो.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "खाट मोकळी करा. भातकुलीचा एक गाडीवान बाहेर ताटकळला आहे."

मी माझ्या पायांनी बाहेर गेलो आणि त्याला खांद्याचा आधार देऊन आत आणलं.