काचेची फिर्याद

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. विलेपार्ल्याच्या एका बाईंची काच चोरीला गेली होती, तो गुन्हा मात्र अजून लख्ख आठवतो.

मी तेव्हा पश्चिम उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून बसलो होतो, तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी आवाज चढलेला ऐकू आला. साठी उलटलेल्या एक बाई उभ्या होत्या, मागे पस्तिशीचा मुलगा. शिमग्याला बाई कोकणात गावी गेल्या आणि परत येऊन बघतात तर शोकेस रिकामी. दागिने, टीव्ही जागच्या जागी. गेली ती फक्त काच.

"काच म्हणजे काय काकू, डिनर सेट?" अंमलदाराने विचारलं.

"फुलदाण्या, वाडगे, एक पिवळा मासा. रंगीत काचेचे, तोंडाने फुंकून केलेले. पाडायला निघालेल्या घरांतून, जुन्या सामानाच्या दुकानांतून घेतलेत. कुणालाच नको होते तेव्हा."

"मग किंमत काय लावू?"

"आधी चोरी लिहा."

मुलगा मध्ये पडला. "साहेब, भंगारच आहे सगळं. तिचा छंद आहे. आई, चल ना, यांना कशाला त्रास?"

बाईंनी मागे वळून पाहिलंही नाही. "भंगार असेल. माझं आहे. मला आवडलं म्हणून घेतलं, कुणाला विचारून नाही घेतलं."

मी बाहेर आलो आणि फिर्याद नोंदवून घ्यायला सांगितलं.

पंचनाम्याला घरी गेलो. दाराचं कुलूप शाबूत होतं. सोसायटीचा कॅमेरा बंद. इमारत पुनर्विकासाला जाणार, मग दुरुस्ती कोण करतो. माझा अनुभव असा, की चोर सहसा काच उचलत नाही. जड असते, फुटते, पटकन खपत नाही. इथे नेली होती, म्हणजे नेणाऱ्याला गिऱ्हाईक आधीच माहीत होतं. मी चोराऐवजी गिऱ्हाईक शोधायला माणसं लावली.

मालाडचा एक टेम्पोवाला आमचा खबऱ्या होता. त्याचा फोन आला. "साहेब, पवईला एक जण हॉटेलांना जुनं सामान पुरवतो. त्याच्या गोडाऊनला काच उतरलीये. लय जपून उतरवत होते."

ओळख पटवायला बाईंना सोबत नेलं. व्यापारी गुळगुळीत बोलणारा होता. फेरीवाल्याकडून माल घेतला, त्याला ओळखत नाही, असल्या फुलदाण्या ढिगाने मिळतात, या बाईंच्याच कशावरून, हीच उत्तरं तो फिरवून फिरवून देत राहिला. बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. एकेक वस्तू उचलून बघत गेल्या. शेवटचं गाठोडं आम्ही सोडलं आणि त्यांचा हात थांबला. काच निळ्या फुलांच्या जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. कोपऱ्याला रफू.

"ही माझी चादर," त्या म्हणाल्या. "माळ्यावर पेटीत होती."

मग रफूवरून एकदा बोट फिरवून त्यांनी चादर घडी करून ठेवली. माझ्या लक्षात आलं तेच त्यांच्याही आलं होतं. परका चोर गुंडाळायला चादर हवी म्हणून माळ्यावरची पेटी उतरवत बसत नाही.

जीपमध्ये मी म्हटलं, "ताई, आता हे तुमच्या घरापर्यंत जाईल."

"माका कळला," एवढा वेळ शुद्ध बोलणाऱ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही पुढे जा."

मुलाला ठाण्यात बोलावलं. पाणी दिलं, चादर टेबलावर ठेवली आणि गप्प बसलो. चौकशीत कधीकधी एवढं पुरतं.

"मीच विकलं," तो शेवटी म्हणाला. "भाड्याच्या घरात जायचंय, तिथे कुठे ठेवणार? लोक येऊन हसतात, साहेब. पवईवाला म्हणाला, किलोवर घेतो."

"आईला विचारलंस?"

"ती नाहीच म्हणाली असती."

"म्हणजे तिचं उत्तर तुला माहीत होतं."

बाईंना आत बोलावलं, तसा तो रडवेला झाला. "आई, चुकलो. कंप्लेंट मागे घे ना. माझी नोकरी जाईल गं."

मीही म्हणालो, "घरातली गोष्ट आहे, ताई. विचार करा."

"घरातली होती तर घरात विचारायचं होतं. साहेब, जबाब लिहून घ्या. माफ करायचं की नाही ते मी कोर्टात ठरवीन."

त्यांनी तसंच केलं. कोर्टाच्या परवानगीने मुलाशी तडजोड केली, पण त्याआधी उभं राहून सांगितलं, की माझ्या वस्तू मला न विचारता विकल्या आणि ती चोरीच होती. मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. बाहेर व्यापारी पुढे आला. "काकू, ती निळी फुलदाणी द्या, म्हणाल तो भाव."

"किलोवर घेतलीत ना? आता विकायची नाही," म्हणून त्या चालू लागल्या.

मुद्देमाल परत करताना मी हजर होतो. बाईंनी सगळ्यात आधी एक हिरवा वाडगा उचलला. काठ वाकडा, काचेत बुडबुडे अडकलेले. व्यापाऱ्याने तो कामाचा नाही म्हणून कोपऱ्यात टाकला होता. मी विचारलं, "याला काही भाव येईल?"

"नाही येणार," त्या म्हणाल्या आणि वाडगा पदराने पुसू लागल्या. "माझा सगळ्यात आवडता हाच."

मुद्देमालाची किंमत कागदावर लिहावीच लागते, कायद्याला ती हवी असते. पण माणसाचं काय गेलं हे त्या आकड्यावरून कळत नाही, हे मी त्या बाईंकडून शिकलो. पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात कुणी फिर्यादीला पहिल्याच दमात 'किमतीचं काय?' विचारलं, की मी केबिनमधून हाक मारायचो, "आधी त्यांना बोलू दे रे."