न आलेल्या गाडीची वेळ

भोरच्या सदफचा स्वभाव तसा संशयी. दूधवाल्याच्या मापावर, शिंप्याच्या वायद्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण २००२ साली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तिनं आणि हिर्डोशीच्या स्नेहलनं मिळून एक प्रोग्राम लिहायला घेतला, आणि त्याच्यावर मात्र तिचा पोटच्या पोरासारखा जीव जडला. हिर्डोशीची सकाळची एसटी भोरला किती वाजता येणार, हे तो आधी सांगायचा.

वेळा पुरवल्या सदफच्या अब्बांनी. मन्सूरभाईंची पानटपरी स्टँडसमोरच. पाऊस, बाजारचा दिवस, सणवार, सगळं सदफनं प्रोग्रामला भरवलं. जुन्या उदाहरणांवरून त्याला शिकवायचं काम तिचं. साध्या अकलेचे नियम लिहायचं काम स्नेहलचं. ती नियमांची एकुलती एक फ्लॉपी घेऊन भातकापणीला घरी गेली होती. परीक्षेच्या सकाळी दोन्ही भाग जोडायचे, असं ठरलं होतं.

त्या सकाळी सदफ स्टँडवर उभी होती. बाहेरगावचे परीक्षक बाराला निघणार होते. फ्लॉपी आली नाही तर वर्ष गेलं. प्रोग्राम म्हणाला होता, गाडी नऊला. साडेनऊ झाले तशी तिनं समोरच्या टपरीकडं हाक मारली.

"अब्बा, हिर्डोशीची गाडी कुठं अडकली?"

"अडकतीय कशाला?" मन्सूरभाई पानाला चुना लावत म्हणाले. "काल संध्याकाळी मुक्कामाला वर हिर्डोशीला गेलीच नाही. डायव्हरला ताप भरला. ही काय, तुझ्या मागं उभी."

सदफ इतका वेळ जिला पाठ टेकून वाट बघत होती, तीच ती गाडी!

"मग असल्या दिवसांचं मला कधी सांगितलं का नाही?"

"न आलेल्या गाडीची वेळ काय सांगू, बेटा?"

बिचाऱ्या प्रोग्रामनं न आलेली गाडी जन्मात पाहिली नव्हती. आणि स्नेहलचा पहिलाच नियम होता: संध्याकाळी जी गाडी वर गेली नाही, ती सकाळी खाली येत नाही. "हे शेळीलाही कळतं, लिहायचं कशाला?" म्हणून सदफ तेव्हा खो खो हसली होती.

ती धावत फिरोजमामूंकडे गेली. मामूंनी टेम्पो काढला आणि गावाबाहेर फाट्यावर करकचून ब्रेक मारला.

"पोरगी चालत निघाली असंल. पण डांबरी रस्त्यानं का ओढ्याच्या पायवाटेनं? चुकामूक झाली तर मला बोल लावू नकोस."

सदफनं डोळे मिटले. पायवाट जवळची, पण ओढ्याला अजून मांडीभर पाणी. हातात फ्लॉपी असलेली स्नेहल पाण्यात उतरेल?

"डांबरी, मामू. जोरात घ्या!"

वळणामागून वळण गेलं, माणूस दिसेना. सदफची नखं कुरतडून संपली. शेवटी एका मोरीवर स्नेहल दिसली. चपला हातात, काखेत स्टीलचा डबा, डब्यात फ्लॉपी.

"मुक्कामाची गाडी आलीच न्हाई, म्या आपली पहाटंच सुटले," ती धापा टाकत टेम्पोत चढली. "तुझा लाडका काय म्हनला?"

"नऊला येणार."

"कुनाला घिऊन?"

कॉलेजात पोचल्या तेव्हा परीक्षकांच्या हातात बॅग होती. सदफनं फ्लॉपी घातली. यंत्र खरखरलं, थांबलं, पुन्हा खरखरलं. भाग जुळले.

"उद्या सकाळची गाडी किती वाजता?" परीक्षकांनी उभ्याउभ्याच विचारलं.

पडद्यावर उत्तराऐवजी प्रश्न उमटला: आज संध्याकाळी गाडी वर जाणार आहे का?

"हे मलाच विचारतंय?"

"व्हय सर," स्नेहल म्हणाली. "ठाऊक नसलं की आमीबी इचारतो."

"मला काय माहीत!"

स्नेहलनं तेच टाइप केलं. पडद्यावर आलं: मग मलाही माहीत नाही. स्टँडवर विचारा.

परीक्षक बॅग खाली ठेवून खुर्चीवर बसले. "आता सुरुवातीपासून दाखवा," म्हणाले.

दोघी पास झाल्या. सदफ मात्र त्यानंतर कुठल्याही गाडीला टेकण्याआधी विचारून घेते, ही कुठली?